लोकलची तयारी असते, मरणाची नाही

संपादक साहेब,

आमच्या 7.52 च्या लोकलच्या ग्रुपमधला एक मित्र मागच्या महिन्यात अचानक गेला, वय फक्त 46. नाताळला गावी जायचं तिकीट काढून ठेवलेलं, सकाळी भरलेला डबा ओट्यावर तसाच राहिला आणि वहिनींनी तो दोन दिवस कोणाला हलवू दिला नाही. शिवडीच्या कबरस्तानात मूठभर माती टाकताना मनात एकच होतं, आज मीच असतो तर?

आपण ख्रिस्ती लोक राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून घेतो, तू माती आहेस हे ऐकतो, आणि ऑफिसला पोचायच्या आत पुसून टाकतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 12 व्या अध्यायात येशूने सांगितलेला तो श्रीमंत शेतकरी, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचे प्लॅन करत बसला आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. धान्य साठवलं हा काय गुन्हा नाही हो, पण त्याच्या हिशोबात देव कुठेच नव्हता. आमच्या हिशोबात तरी कुठे असतो? मेडिक्लेम, नॉमिनी, सगळं अपडेट, पण ज्याच्याशी बोलणं बंद केलंय त्याची माफी मागायची राहून जाते.

पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे म्हणून मरणाची भीती कमी वाटते, पण तयारी मलाच करायची आहे. फ्लॅटच्या वादामुळे सख्ख्या भावाशी चार वर्षं बोललो नव्हतो. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरूनच फोन लावला, त्याने पहिल्या रिंगलाच उचलला.

एक वाचक, दादर