बंड्यास, झावळ्यांच्या रविवारी रात्री

कोपरी, ठाणे पूर्व
२९ मार्च २०२६

प्रिय बंड्या,
जय ख्रिस्त.

तीन महिने झाले, तुझा फोन नाही आणि माझाही नाही. परवा व्हॉट्सअपवर तुझा फोटो बदललेला दिसला, पोरगी केवढी उंच झालीय रे, काहीतरी लिहावं म्हणून टाइप करायला घेतलं आणि तसाच फोन ठेवून दिला. म्हणून आज कागद काढलाय, कारण फोनवर आपण दोघं सुरू झालो की दुसऱ्या मिनिटाला आवाज चढतो, आणि मला यावेळी पूर्ण बोलायचंय.

आज ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. सकाळी पोरं होसान्ना होसान्ना करत चर्चला चक्कर मारून आली, निम्म्यांनी झावळ्यांच्या तलवारी केल्या होत्या, आपण करायचो तशाच. मंडळी कमी झालीय, खरं सांगतो. बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला गेल्या, कुणी बदलापूरला कुणी कल्याणला भाड्याने गेलं, म्हातारी माणसं लोकलच्या गर्दीत येऊ शकत नाहीत. कोयरमध्ये पुरुषांच्या बाजूला आम्ही तिघंच उरलोय. तुझ्या जागेवर अजून कुणी उभं राहत नाही, तशी कुणी राखून ठेवलेली नाही पण राहत नाही.

आता पत्राचं कारण. उत्तम शुक्रवारी १२ ते ३ च्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलतात, तुला माहितीये. यंदा पाळकसाहेबांनी पहिला उद्गार मला दिलाय. "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." मी आठवडाभर बसून चार पानं लिहिली, त्यात एक उदाहरण घातलं की एक जवळचा माणूस सणाच्या दिवशी घरी येऊन कसं मन दुखावून गेला आणि आपण त्याला कशी क्षमा करायची. नाव कुठेच नाही. आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, मग त्याला फोन केलास का? मी म्हटलं नाही. त्यावर ती पुढे काहीच बोलली नाही. मी ती चारही पानं फाडली बंड्या, आणि शुक्रवारी काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, पण आधी हे पत्र जायला पाहिजे एवढं ठरलंय.

नाताळच्या दुपारचं मला सगळं आठवतंय. आईने करंज्यांचा डबा पुढे केला, तू म्हणालास काकू मी हा सण पाळत नाही, २५ डिसेंबर पवित्र शास्त्रात कुठेच नाही, त्यामुळे हे मी खाणार नाही. आईने झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली. ते बघून माझं डोकं फिरलं आणि मी म्हणालो की नवीन मंडळी मिळाली तर ज्या घरात वाढलास ते विसरलास, निघ इथून. निघ म्हणालो. तू चपला हातात घेऊन जिना उतरलास. त्या एका शब्दाबद्दल मी तुझी माफी मागतो, आणि मागताना पुढे पण-बिण काही लावत नाही.

आता मुद्द्याचं बोलू, कारण तुझा मुद्दा हलका नव्हता. तारीख बायबलमध्ये नाही हे बरोबर आहे. रोममध्ये २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद मिळते ती इ.स. ३३६ ची, म्हणजे प्रेषित जाऊन अडीचशे-पावणेतीनशे वर्षं झाल्यावरची. हे मला आधीही माहीत होतं, तुझ्यासमोर कबूल करायला जड जात होतं. पण योहानाचा १० वा अध्याय २२ वं वचन काढ. हिवाळ्याचे दिवस आहेत, यरुशलेमेत मंदिर शुद्ध करून पुन्हा देवाला वाहिलं त्याचा सण चाललाय आणि येशू मंदिरात फिरतोय. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही, तो मक्काबींच्या, म्हणजे मंदिर शत्रूकडून परत मिळवणाऱ्या यहुदी घराण्याच्या वेळी, येशूच्या जन्माआधी जेमतेम दीडेकशे वर्षांपूर्वी सुरू झाला. माणसांनी कृतज्ञतेने ठरवलेला दिवस. प्रभूने त्याला नावं ठेवल्याचं काही लिहिलेलं नाही, तो तिथे होता एवढंच लिहिलंय. मला ते पुरतं. तुला पुरत नसेल तर मी भांडणार नाही.

ईस्टरचं मात्र मला वेगळं वाटतं, कारण त्याची मुळं थेट यहुद्यांच्या वल्हांडण सणात आहेत आणि वल्हांडण पौर्णिमेचा. म्हणून तर आपला ईस्टर दरवर्षी सरकतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार. यंदा चैत्र पौर्णिमा गुरुवारी, म्हणजे इथे सगळीकडे हनुमान जयंतीची गडबड असणार त्याच संध्याकाळी आपलं पाव आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन, आणि रविवारी ५ तारखेला पुनरुत्थान. गेल्या वर्षी २० एप्रिलला होता बघ, आपण उन्हात वितळलो होतो.

आणि तुला एक गोष्ट सांगायचीच आहे, पाळकसाहेबांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या अभ्यासात सांगितली तेव्हापासून डोक्यातून जात नाही. इ.स. १५५ च्या आसपास स्मुर्णा गावचा म्हातारा बिशप पोलिकार्प रोमला गेला. हा योहान प्रेषिताचा शिष्य म्हणून मान असलेला माणूस. तिकडच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्या निसान या यहुदी महिन्याच्या १४ तारखेला ईस्टरचा दिवस पाळायच्या, मग वार कुठलाही असो, आणि रोमवाले रविवार धरून बसलेले. तिथला बिशप अनिसेटस आणि हा, दोघं बोलले, पण दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं पटवता आलं नाही. तरी अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवायचा मान पोलिकार्पला दिला आणि दोघं शांतीने वेगळे झाले. सगळ्यांनी एकाच रविवारी पाळायचं हे पुढे ३२५ साली निकियाच्या परिषदेत ठरलं. म्हणजे बघ, दिवसावर एकमत व्हायला त्यानंतर पावणेदोनशे वर्षं गेली, पण या दोघांनी टेबल तेव्हाच वाटून घेतलं होतं. आणि आपण करंजीवरून तीन महिने.

पौल प्रेषिताच्या रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय तू मला त्या दिवशी वाचून दाखवणार होतास, मी ऐकलं नाही. आता मी चार वेळा वाचलाय. एकाला एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा वाटतो, दुसऱ्याला सगळे सारखे, आणि पौल निकालच देत नाही रे, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी म्हणतो. दिवस पाळणारा प्रभूसाठी पाळतो, न खाणाराही प्रभूसाठीच खात नाही आणि देवाचे आभार मानतो. हे वाचून मला पहिल्यांदा जाणवलं की तू करंजी नाकारलीस तेव्हा तू तुझ्या परीने प्रभूचाच मान राखत होतास. पण त्याच अध्यायात पुढे हेही आहे की आपल्या खाण्यावरून भावाला दुखवू नका. ते तुलाही आहे आणि मलाही आहे, आईला मात्र त्यातलं काहीच लागू नव्हतं, तिने फक्त डबा पुढे केला होता.

तुझ्या तिकडच्या मंडळीबद्दल मी जे बोललो तेही मागे घेतो. तुझी दारू आमच्याच्याने सुटली नाही. दहा वर्षं आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना केली, पाठीमागे बोललोही, पण रात्री दोन वाजता तुझ्या हातापायाला कंप सुटलेला असताना उशाशी बसून राहिले ते खारघरचे लोक होते. सणवार न पाळणारे. एकमेकांची ओझी वाहा हे गलतीकरांस पत्रातलं वाक्य आम्ही भिंतीवर लावलंय, त्यांनी वाहिलं. मी हे कधीच तोंडाने बोललो नव्हतो.

पण मग आमचंही ऐक. २०१९ च्या जुलैत बाबा गेले तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं. पेटी जिन्यात वळेना, तू पायाकडच्या बाजूला होतास, भिंतीला घासून तुझ्या मनगटाची सालं निघाली आणि तू आवाज केला नाहीस. तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, मंडळीतल्या बायका पाण्यातून डबे घेऊन आल्या, एकीने तर वरण सांडू नये म्हणून डबा डोक्यावर धरला होता. ही माणसं एकमेकांना कशी ओळखतात? लेंटच्या गृहसभेत वीस वर्षं एकमेकांच्या घरी चटईवर बसून. ईस्टरच्या पहाटे एकमेकांच्या कबरी झाडून. दिवस ठरलेला असतो म्हणून माणूस घरातून निघतो बंड्या, निदान मी तरी. नाहीतर मला ओळखतोस, मी रविवारीसुद्धा झोपून राहीन. इब्रीकरांस पत्र १० मध्ये एकत्र जमणं सोडू नका म्हटलंय, मला ते जमतं ते या सणांच्या आधाराने.

गुरुवारचं द्राक्षरसाचं काम अजून आमच्याकडेच आहे. आई बुधवारी रात्री किलोभर काळ्या मनुका भिजत घालेल, सकाळी उकळून, कुस्करून, त्याच कामासाठी ठेवलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळेल. मग ते छोटे काचेचे पेले. ८० आहेत, पूर्वी दोनदा भरायला लागायचे. ती बोटाला कपडा गुंडाळून एकेक पेला आतून पुसते आणि ट्यूबलाइटकडे धरून बघते, डाग दिसला की परत. मागच्या वर्षी मी म्हटलं आई एवढ्या छोट्या पेल्यात कोण बघतंय, तर म्हणाली, ज्याच्या हातात जाईल तो बघतो ना. पावाच्या कडा काढून चौकोनी तुकडे करायचं काम तुझं असायचं, आता मी करतो आणि माझे तुकडे वेडेवाकडे होतात असं ती दरवर्षी सांगते.

पहिल्या मंडळीतही या टेबलावरून भांडण होतंच, करिंथमध्ये काहीजण पोटभर खायचे आणि काही उपाशी बसायचे, म्हणून तर पौलाला लिहावं लागलं की आधी स्वतःची परीक्षा करा. आणि मत्तयच्या ५ व्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीजवळ आठवलं भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. भाऊ बरोबर की चूक ते विचारतच नाही. गुरुवारी त्या ८० पेल्यांतला एक मी उचलायचा की नाही हे माझ्यापुरतं या पत्रावर आहे.

तर असं आहे. गुरुवारी संध्याकाळी ७ ला उपासना आहे. तुला आत बसायचं नसेल तर बाहेर थांब, मी येतो. किंवा शनिवारी रात्री मुक्कामालाच या, वहिनी आणि पोरीला घेऊन, पहाटे साडेचारला आम्ही सिमेट्रीत जातो, मेणबत्त्या, झेंडूची फुलं, वाजवायची पेटी आणि टाळ. तू त्याला सण म्हणू नकोस, बाबांना भेटायला ये. आईने विचारायला सांगितलंय की साधा आमटीभात खाशील का, त्या दिवशी गोड काही करणार नाही असं ती म्हणते.

हे काहीच जमणार नसेल तरी ठीक. तुमची सभा १० ला असते ना? पहाटेचं आटपून मी ८ च्या सुमाराची पनवेल गाडी धरतो, रविवार आहे पण मेगाब्लॉक असला तरी तो उशिरा सुरू होतो. मागच्या खुर्चीवर बसेन. आईही येते म्हणतेय, तिला जिने चढवत नाहीत, हॉल कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू असते का तेवढं कळव.

तुझा,
दादू