ताई, तुम्ही माईक पुढे जाऊ दिला नाहीत

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

तुमच्या मंडळाने दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांचा, तपासणीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या क्लेओ या गायिकेवरचा ‘क्लेओ ५ ते ७’ हा १९६२ सालचा फ्रेंच चित्रपट दाखवला, त्या संध्याकाळच्या चर्चेत तुम्ही माझ्यासाठी जे केलेत त्याबद्दल आभार मानायला त्याच रात्री फोन करणार होते. पण बोलू लागले असते तर पुन्हा आवाज गेला असता, म्हणून लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण जे घडले ते भरल्या सभागृहात घडले आणि तरीही बहुधा कोणाच्या लक्षात आले नाही. तुमचे नाव छापलेले तुम्हांला रुचणार नाही, म्हणून ते गाळले आहे.

चित्रपट संपल्यावर आलेल्या पहिल्या प्रतिक्रिया तुम्हांला आठवत असतील. एका तरुणाची तक्रार होती की यात काही घडतच नाही. दुसऱ्या एकाने हिशेब मांडला की नावात दोन तास असताना पडद्यावर मात्र जेमतेम दीड तास मिळतो, साडेसहालाच सारे आटोपते, म्हणजे अर्ध्या तासाने आपल्या हातावर तुरी दिल्या. (हे मला आवडले, निदान ते घड्याळाकडे लक्ष ठेवून होते.) मग मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी ठणकावून सांगितले की ही बाई निव्वळ लाडावलेली आहे, कॅन्सरच्या तपासणीचा निकाल यायचा आहे आणि ही टोप्यांच्या दुकानात आरशासमोर मुरडते आहे. त्यावर हशा पिकला.

त्या हशातच मी हात वर केला. माझ्या स्वतःच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. दोन वाक्ये बोलले आणि गळा दाटून आला. अशा वेळी पुढे काय होते ते मला चांगले माहीत आहे: कोणीतरी पाण्याची बाटली पुढे करते, ‘असू दे, असू दे’ म्हणते आणि माईक दुसऱ्याकडे जातो. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने तो घेण्यासाठी हात पुढे केलाही होता. तुम्ही त्याच्या मनगटावर बोटे टेकवून “थांब, त्यांचं अजून संपलेलं नाही” एवढेच म्हणालात आणि मांडीवरच्या कागदाकडे पाहत बसलात. माझ्याकडे पाहिले नाहीत, धीर दिला नाहीत, घाईही केली नाहीत. सगळे सभागृह अवघडून बसले होते आणि तुम्ही ते तसे बसू दिलेत.

म्हणूनच मला सांगता आले की क्लेओ आरशासमोर मुरडत नाही, ती घाबरलेली आहे. आपण देखण्या आहोत तोवर जिवंत आहोत, अशी ती स्वतःची समजूत घालते. सुरुवातीला भविष्य सांगणारी टॅरोची पाने रंगीत दिसतात आणि मग सारे पॅरिस कृष्णधवल होते. दर प्रकरणाला पात्राचे नाव आणि मिनिटांपर्यंतची वेळ दिलेली असते. रिपोर्टची वाट पाहणाऱ्याला ही मोजणी शिकवावी लागत नाही. तिच्याभोवती माणसे किती आहेत! मंगळवारी नवे काही घालू नये म्हणून बजावणारी तिची मदतनीस आंजेल (अशी माणसे आपल्याही घरात असतात, फक्त वार बदलतो), उभ्या उभ्या येऊन जाणारा प्रियकर, आणि ती आजारी आहे म्हणून डॉक्टरांचे सोंग घेऊन भली मोठी सिरिंज नाचवणारे तिचे संगीतकार. तिचे म्हणणे मात्र कोणी पुरते ऐकून घेत नाही. गाणे संपताच ती केसांचा टोप उपटून काढते, काळा पोशाख चढवते आणि एकटीच बाहेर पडते. कॅफेत जाऊन ज्यूकबॉक्सवर स्वतःचेच गाणे लावते, काळा चश्मा लावून टेबलांमधून फिरते. लोक अल्जीरियातल्या फ्रेंच युद्धाबद्दल, चित्रांबद्दल, आपापल्या कटकटींबद्दल बोलत राहतात, एकही मान वर होत नाही. त्या तक्रार करणाऱ्या तरुणाला चित्रपटात काही घडताना दिसायला हवे असेल, तर माझ्या मते ते इथे घडते.

मोंसुरीच्या बागेत भेटणारा अँत्वान हा सैनिक सुट्टी संपवून त्याच रात्री अल्जीरियाच्या युद्धावर परतणार आहे. तो बडबड्या आहे, पण ‘सगळे ठीक होईल’ असे म्हणत नाही; फोनवर विचारण्यापेक्षा आपण दोघे मिळून इस्पितळातच जाऊ, असे सुचवतो आणि बसमध्ये तिच्या शेजारी बसतो. शेवटी डॉक्टर गाडीत बसल्या बसल्या उपचारांबद्दल चार शब्द सांगतात आणि निघून जातात. या प्रसंगावरही काहींनी ‘असे कुठे असते का’ म्हणून नाक मुरडले. मला मात्र ते डॉक्टर बरे वाटले. मी ज्यांच्यापुढे बसले होते त्यांनी मोबाइलवरून नजर न काढता मला ‘पुढचे नंतर बघू’ म्हटले होते, आणि बाहेर आल्यावर नातेवाइकांनी सकारात्मक राहण्याचा सल्ला दिला होता. त्याआधी दुसऱ्या एका चित्रपटप्रेमी गटात याच चित्रपटाचा विषय निघाला, तेव्हा संचालकांनी माझे बोलणे ‘बाईंनी फार मनाला लावून घेतलंय’ म्हणून हसतमुखाने गुंडाळले होते. ही सगळी सुशिक्षित, सुस्वभावी माणसे. दुसऱ्याचे वाक्य त्याचे त्याला पूर्ण करू द्यावे, एवढा साधा सभ्यपणा त्यांच्याकडून झाला नाही. तो आपल्याकडे हल्ली बैठकीत, दवाखान्यात आणि घरच्या जेवणाच्या टेबलावरही दुर्मीळ झाला आहे, आणि तुम्ही तो भाषण न ठोकता पाळलात.

रिपोर्टचे काय झाले ते इथे लिहीत नाही. निघताना तुम्हीही विचारले नाहीत. वार्दा यांचा १९८५ सालचा, रस्तोरस्ती भटकणाऱ्या मोनाचा चित्रपट पुढे कधीतरी लावणार आहोत, येणार का, एवढेच विचारलेत. येणार आहे. ती मुलगी आंघोळ का करत नाही, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांनाही आवर्जून बोलवा. त्या दिवशी माझे बोलून झाल्यावर त्यांना पुन्हा काही सांगायचे होते, पण वेळ संपला होता. त्यांचेही पुरते ऐकायचे राहिले आहे.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या रांगेतली एक प्रेक्षक