तात्या, गॅलरीत शिरायला शिकवलंत म्हणून

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

या पत्राला पाकीट नाही. तुमच्या फोनला नुसती बटणं आहेत, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. त्याला म्हणावं, घाईने वाचू नकोस. कोकणातल्या नमनाच्या खेळात गण म्हणतात तसं सावकाश. चार लोकांनी वाचलं तरी चालेल म्हणून उघडंच लिहितेय. नाव कुणाचंच घालत नाही, तुमचंही नाही. गावात निम्म्या घरांत एकेक तात्या असतोच.

तुम्हाला तो पावसातला शनिवार आठवतो का? परभणीहून मुंबईत येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलं, फोर्टात पावसाने गाठलं आणि मी जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारावरच्या वळणदार छताखाली उभी राहिले. वीस मिनिटं. माझ्या डोळ्यांदेखत माणसं आत जात होती, बाहेर येत होती. काचेतून भिंतीवरचा एक मोठा निळा तुकडा दिसत होता. तो बघायचा होता, पण मनात हिशेब चालू होता: तिकीट पाचशे असलं तर? कुणी इंग्रजीत विचारलं तर? ओली ओढणी, हातात डब्याची पिशवी. पाऊस थांबला तशी मी स्टेशनकडे चालू लागले.

रात्री आपल्या चाळीच्या कठड्याला टेकून तुम्ही विडी ओढत होतात. सहज सांगितलं, तर तुम्ही हसलात किती! म्हणालात, "या गॅलरीत येताना कुणाला विचारलंस काय गो बाय? मग त्या गॅलरीत कशाला विचारायचं? फुकट आहे ती." आमच्याकडे चाळी नाहीत, त्यामुळे घरासमोरच्या सामाईक सज्जाला गॅलरी म्हणतात हेही मला नवीनच होतं. तो विनोद कळायला दोन दिवस लागले.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही तयार. तेव्हा कळलं की ८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि मग ठेकेदाराकडून तुम्ही फोर्टातल्याच एका गॅलरीत पहारेकरी म्हणून लागलात. वीस वर्षं त्याच खुर्चीत. ठेकेदार तीन बदलले, फंड एकानेही भरला नाही. ते तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की रागवायचं काम माझ्याकडेच आलं. पण तुमचा हिशेब वेगळा होता. म्हणालात, "चित्रं काढणारा महिनाभर बघतो, विकत घेणारा दहा मिनिटं. मी रोज आठ तास बघायचो. त्यातलं माझ्याइतकं कोणी बघितलंय सांग."

कुणी समीक्षक सांगणार नाही ते मी तुमच्याकडून शिकले. माणसं आधी पाटी वाचतात, मग चित्राकडे डोळा टाकून पुढच्या पाटीकडे जातात. "पाटी झाकून बघ." मी खरंच हाताने झाकायचे. आणि दुसरं, हात पाठीमागे बांधायचे. म्हणजे पहारेकऱ्याच्या जिवाला घोर लागत नाही आणि आपलीही चाल आपोआप मंदावते. जहांगीरच्या चारही दालनांत त्या दिवशी आपण दोन तास होतो. मला आवडलेलं चित्र तुम्हाला "कपडे वाळत घातल्यासारखं" वाटलं, आणि तुम्हाला आवडलं ते मला कळलं नाही. त्यावर आपण बाहेरच्या फुटपाथवर चहा पिताना भांडलो. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ १९५२ साली ही इमारत उभी करून दिली, हे तुम्हीच सांगितलंत. तिथल्या समोवार नावाच्या हॉटेलची गोष्टही सांगितलीत. १९६४ पासून २०१५ पर्यंत तिथे चित्रकार, कवी, नाटकवाले तासन् तास बसायचे. मी विचारलं, तुम्ही बसायचात का? तुम्ही पेला खाली ठेवलात. "आत नाही गेलो कधी. चहा मी इथंच प्यायचो." पुढे काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. पण तात्या, माझं दाराशी अडणं ओळखायला तुम्हाला एक मिनिटसुद्धा का लागलं नाही, ते मला तेव्हा समजलं.

हवेची गंमत मी ऑफिसात सगळ्यांना सांगते. गॅलरीत तुमच्या खुर्चीमागे दमटपणा मोजायचा काटा होता, आणि पावसाळ्यात दर तासाला आकडा वहीत लिहायचा हुकूम होता. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ते तुमचं तुम्हालाच कळलं. गिरणीत तुमच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, सूत तुटू नये म्हणून मुद्दाम हवेत पाण्याचे फवारे सोडायचे. हवा दमट म्हणून धागा टिकायचा, मुंबईत गिरण्या फोफावल्या त्यात या हवेचाही वाटा होता. आणि इथे तीच समुद्राची हवा कॅनव्हासला बुरशी आणायची, कागद फुगवायची, खिळ्यांना गंज चढवायची. "अर्धं आयुष्य दमट हवा धरून ठेवली, अर्धं हाकलली," असं म्हणाला होतात.

पुढचा रविवार भायखळ्याचा. राणीच्या बागेशेजारचं ते संग्रहालय १८७२ साली उघडलं, मुंबईतलं सगळ्यांत जुनं. आधी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाचं, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. गोव्यातल्या मांद्र्याहून मुंबईला आलेला हा माणूस डॉक्टर, वर पुराणवस्तूंचा अभ्यासक, आणि मराठी नाटकमंडळींचा पाठीराखा. ते नाटकाचं ऐकून तुम्ही हातच जोडलेत. आत सोनेरी नक्षीचे खांब, हिरवट निळं छत. मी वरच बघत राहिले. तुम्ही मात्र मातीच्या छोट्या बाहुल्यांच्या कपाटापुढे बसकणच मारलीत. कुणी पाणी वाहतोय, कुणी विणतोय, पगड्यांचे शंभर प्रकार. "ह्यात गिरणीवाला कुठं नाही," एवढंच म्हणालात. गिरणगावाचंही संग्रहालय व्हायचंय असं ऐकतो आपण. व्हावं. त्रासन खात्यातला एक माणूस त्यात खुर्ची टाकून बसवावा, पहारेकरी म्हणून नव्हे, सांगणारा म्हणून. हे माझं मत, तुम्हाला विचारलेलं नाही.

बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो हाच. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडून फुटला. तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. सांधे अजून दिसतात. तुम्ही त्याच्याकडे बघत म्हणालात, "हा आपल्यासारखाच गो. कुठं जायला निघाला नि मुंबईत अडकला." आणि पलीकडे काळ्या घोड्यावरचा राजा, सातवा एडवर्ड, १९६५ साली फोर्टातून इथे आणून ठेवलेला. त्यानंतर पन्नास वर्षं काळा घोडा भागात घोडाच नव्हता, तरी बसचा कंडक्टर काळा घोडा म्हणूनच ओरडायचा. २०१७ ला नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. तुमच्या मते हा जास्त चांगला. निदान कुणाला पाठीवर घेऊन उभा तरी नाही.

नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टबद्दल फार लिहीत नाही, तिथले जिने चढून तुमचे गुडघे दुखले आणि मला चित्रांपेक्षा त्याच गोल जिन्यांची मजा वाटली. पण समोरच्या म्युझियममधला तो मीरपूरखासचा माणूस मात्र लिहायलाच हवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आपण घुमटाखाली मान मोडेस्तोवर वर बघितलं, अश्शूरी राजवाड्यातले दगडी पट बघितले, पोरांच्या गर्दीत पेंढा भरलेले पक्षी बघितले. आणि मग सिंधमधल्या स्तूपाचा तो भाजक्या मातीचा भक्त, हातात कमळ, दीड हजार वर्षांचा. तुम्ही त्याच्यासमोर तसेच उभे राहिलात, एका पायावर किंचित भार टाकून. "बघ, किती वेळ उभा आहे नि चेहऱ्यावर थकवा नाही. ड्यूटीला उभं कसं राहायचं ते ह्याच्याकडून शिकावं." तिथला पहारेकरी ऐकत होता, तो खुदकन हसला. मग तुम्ही दोघं गुडघ्यांवर कुठलं तेल चांगलं यावर बोलत बसलात.

नाटकं किती पाहिली ते तिकिटांच्या गठ्ठ्यावरून मोजावं लागेल. तिसऱ्या घंटेला तुमचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट व्हायचा, शिवाजी मंदिरला बटाटावडा खाल्ल्याशिवाय तुमचा मध्यंतर संपायचा नाही. टाटा थिएटरमध्ये शेवटच्या रांगेतही गवयाचा श्वास ऐकू आला तेव्हा तुम्ही कानात बोट घालून खात्री करून घेतलीत. आणि साहित्य संघात शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबी गाण्यांच्या वेळी अख्ख्या गिरगावाला ऐकू जाईल अशी शिट्टी मारलीत. शिट्टी दोन्हीकडे का चालत नाही, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "चालेल गो, पण तिकडचा गवई घाबरेल."

आभाराचं खरं कारण मात्र एका न पाहिलेल्या नाटकाचं आहे. पश्चिम उपनगरातलं नाट्यगृह, लोकल दादरलाच अर्धा तास खोळंबली, आपण पोचलो तेव्हा दारं बंद. उशीर आपलाच होता. मी रडवेली. तुम्ही मला समुद्रावर नेलंत, चप्पल काढलीत, भेळेचा कागद खिशात ठेवलात आणि ओल्या वाळूत संकासुर उभा केलात. परळच्या दामोदर हॉलच्या रंगमंचावर ऐन उमेदीत नमनात करायचात तो. काळा अंगरखा नाही, टोकदार टोपी नाही, दाढी नाही, कमरेला घुंगरांचा पट्टा नाही. तोंडानेच मृदंग, पायानेच झांज. पासष्टी ओलांडलेला माणूस गिरकी घेतोय आणि फुगेवाला, दोन पोरं, एक कुत्रं असे प्रेक्षक. १९२२ पासूनचं दामोदर बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, हे मला खाणावळवाल्या काकूंनी सांगितलं. वाळूत नाचताना ते तुमच्या पायांत होतं. मी तेव्हा टाळ्या वाजवायच्या विसरले. त्या या पत्रातून वाजवतेय.

गेल्या महिन्यात आई आली होती. जहांगीरला नेलं. दाराशी ती थबकली, इकडेतिकडे बघितलं, आणि देवळात काढतात तशी चप्पल काढून बाजूला नीट ठेवली. मी काही बोलणार तेवढ्यात पहारेकरी पुढे आला नि म्हणाला, "घाला मावशी, चालतं इथं." आई आत गेली. पाटी वाचता येते तिला, पण वाचली नाही. मी त्या पहारेकऱ्याला विचारलं, चहा झाला का? मग फुटपाथवरून तीन चहा आणले.

तात्या, शिमग्याला गावी येतेय, सुट्टी टाकली आहे. संकासुराची टोपी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे म्हणाला होतात. ती आत्ताच काढून चांगली दोन दिवस उन्हात ठेवा. पावसाळा गेलाय, बुरशी धरली असेल.

तुमची,
परभणीची बाय