मीटर आधी जास्त पळाला, आता कमी पळतोय, आणि डिझेल दोन्ही वेळेला जास्तच जातंय

प्रति,
मॅनेजर साहेब, पिकअप मॉडिफिकेशनचं वर्कशॉप

विषय: माझ्या २०११ च्या पिकअपला बसवलेला टायर-पाट्याचा किट आणि डिजिटल मीटर

नमस्कार साहेब,

मे महिन्यात मी तुमच्याकडून गाडीचं काम करून घेतलं, बिल ५२,४०० रुपये, सगळं रोख दिलंय आणि पावती माझ्याकडे आहे. मूळचे १९५/८० आर १५ टायर काढून तुम्ही २३५/७५ आर १५ चे ऑल टेरेन बसवले, मागे स्प्रिंगचे दोन जादा पाटे टाकले, आणि जुना केबलवाला मीटर काढून डिजिटल बसवला कारण तुमचेच मेकॅनिक म्हणाले की मोठ्या टायरला जुना मीटर चुकतो, तो चाकाचे फेरे मोजतो आणि टायर केवढा आहे ते त्याला कळत नाही. बरोबर बोलले ते. म्हणून तर मी मीटरचे वेगळे पैसे दिले. ॲव्हरेज कमी होणार नाही हेही तुमच्या काउंटरवरच सांगितलं होतं.

मी नारायणगाववरून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो, महिन्याला दहा-बारा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीचं डिझेल वहीत लिहितो, टाकी फुल ते टाकी फुल, आज नऊ वर्षं झाली. आधी जाऊन-येऊन मीटरवर ३३० किलोमीटर पडायचे आणि पंचवीस-साडेपंचवीस लिटर लागायचं, म्हणजे १३ चं ॲव्हरेज. किट बसवल्यावर पहिल्या फेरीला २८ लिटरच्या आसपास लागलं पण मीटर दाखवत होता ३५८, भागाकार केला तर पावणेतेराच्या वरच आलं, मी म्हटलं ठीक आहे, कुठेतरी डायव्हर्जन लागलं असेल, रस्त्याचं काम चालू असतं. दुसऱ्या फेरीला परत ३५८. तिसऱ्याला पण तेच. रस्ता तोच, मार्केट तेच, पंपही तोच, मग २८ किलोमीटर वाढले कुठून?

तरी मी गप्प राहिलो असतो, खरं सांगतो. पण जूनमध्ये गावातल्या एका दादांचं शेडचं सामान किलोमीटरच्या भाड्याने नेलं, माझा मीटर म्हणाला १०० आणि त्यांच्या मोबाईलमध्ये ९२. माणूस ओळखीचा, चारचौघांत काही बोलला नाही, पण नंतर घरी येऊन म्हणाला, भाऊ जरा मीटर बघून घे. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू, इतकी वर्षं भाडी मारतोय, कोणी एक रुपयाचा हिशोब काढला नव्हता. त्यांचे जादा घेतलेले पैसे मी परत केले, आणि त्या महिन्यात किलोमीटरवर ज्यांचं भाडं मारलं होतं त्या आणखी चार जणांनाही घरी जाऊन दिले.

मग हायवेला किलोमीटरच्या दगडांवर तपासलं. ५० किलोमीटरला मीटर ५४ च्या पुढे. म्हणजे खरं ॲव्हरेज १२ च्या पण खाली गेलंय आणि तुमच्या मीटरने ते दीड-दोन महिने झाकून ठेवलं. डिझेल वाढायचं कारण मला समजतं, टायर जड आणि रुंद, नक्षी जाडी, गाडी उंच झाल्याने वारा जास्त लागतो, आणि चाक मोठं झालं की गिअर लांब पडतो, रिकामे क्रेट घेऊन बोरघाट चढताना जी गाडी चौथ्यात निघायची ती आता तिसऱ्यात घालावी लागते. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मग पैसे घेण्याआधी का नाही सांगितलं?

फोन केला तर तुमच्या माणसाने सांगितलं की मीटरने थोडं जास्त दाखवायला कायद्याने सूट आहे. मी माहिती काढली. युनोचा ३९ नंबरचा नियम आहे, त्यात काटा खऱ्या वेगापेक्षा दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतका जास्त दाखवू शकतो पण कमी कधीच दाखवू शकत नाही. ७४ ला ८० दाखवणं त्यात बसतं, मान्य. पण ही सूट वेगाची आहे साहेब, अंतर मोजण्याची नाही. ज्या आकड्यावर मी लोकांकडून पैसे घेतो, ऑइल बदलतो, उद्या गाडी विकली तर घेणारा जो आकडा बघणार, तो शंभराला आठने वाढवायला कोणता नियम सांगतो?

जुलैमध्ये गाडी परत आणली तर तुमच्या मुलाने दहा मिनिटांत सेटिंग बदललं, रस्त्यावर चालवून बघितलंसुद्धा नाही. आता उलटं झालंय. मी टेपने मोजलं, स्टेपनी अजून जुन्या साईजची आहे (ती पण तुम्ही बदलली नाही), तिचा घेर २ मीटर १८ सेंटिमीटर आणि नवीन टायरचा २ मीटर ३०. साडेपाच टक्क्यांचा फरक, आणि मीटर बरोबर तेवढाच कमी दाखवतोय, म्हणजे त्याने सरळ जुन्या टायरचं माप टाकून दिलंय. मीटरवर ८० असतं तेव्हा मोबाईलच्या जीपीएसवर ८४-८५ असतं. हे तर जास्त वाईट आहे. एक्सप्रेसवेला मालाच्या गाडीला ८० ची लिमिट आहे, कॅमेरे आहेत, पहाटे तीन वाजता दीड टन माल घेऊन मी मीटरवर भरवसा ठेवून चालवतो, शेजारी माझा मुलगा बसलेला असतो.

अजून एक, आरटीओचं काही लागतं का हे मी आधी विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. आता कळतंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ मापात बदल करण्यावर बंधन आहे. माझी गाडी जुनी, दरवर्षी पासिंग असतं. तिथे अडवली तर धंदा बंद माझा होणार, तुमचा नाही.

मला पाटे आणि टायर काढून मूळ साईजचे टायर बसवून द्या आणि किटचे पैसे परत करा. मीटर ठेवायचा असेल तर माझ्यासमोर, दगड लावलेल्या रस्त्यावर निदान २० किलोमीटर चालवून सेट करा, आणि तुमच्या मीटरवर किती किलोमीटर चुकीचे पडले ते लेटरहेडवर सही-शिक्क्याने लिहून द्या, गाडीच्या कागदात लावायला. वाढलेल्या डिझेलचा हिशोब वहीच्या झेरॉक्ससोबत जोडलाय, त्याची भरपाई पाहिजे. परत केलेल्या भाड्याचे पैसे मी मागत नाही, ते मी माझ्या मनाने दिलेत.

पंधरा दिवस वाट बघतो, नंतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांच्या आत तिथे फी पण लागत नाही. गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी मोकळी असते, त्या दिवशी बोलवा, बाकी दिवशी माल असतो.

आपला ग्राहक,
नारायणगाव, ता. जुन्नर