पाच उशांनी खोली रंगत नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

खोलीसाठी रंग कुठून उचलावेत, असं विचारलंस. सजवलेल्या खोल्यांचे फोटो पाहून ठरवू नकोस. त्या खोलीतला उजेड आणि छताची उंची फोटोतून आपल्या घरी येत नाही. त्यापेक्षा हाताने केलेली एकच वस्तू समोर घे. तुझ्याकडचं हातमागावरचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड चालेल, कारण कोणता रंग किती टाकायचा हे विणणाऱ्याने आधीच ठरवलेलं आहे. लोक कापडातले रंग तेवढे उचलतात आणि प्रमाण तिथेच सोडून येतात. मग कापडात बोटभर असलेला शेंदरी अख्ख्या भिंतीवर चढतो आणि आठवडाभरात डोळ्यांना खुपायला लागतो.

तर आधी प्रमाण मोज. पट्टे जिथून पुन्हा सुरू होतात तिथपर्यंतचा एक पूर्ण फेरा पट्टीने मोजायचा आणि प्रत्येक रंगाची रुंदी लिहून काढायची. नक्षी फुलापानांची असेल तर पारदर्शक कागदावर १० बाय १० चौकटी आखून तो कापडावर ठेव आणि प्रत्येक चौकटीत जो रंग जास्त दिसेल तो मोज. शंभर चौकटी म्हणजे थेट टक्केच हातात येतात. मग पुठ्ठ्याची १० सेंटिमीटरची पट्टी कापून तिच्यावर त्या त्या रंगाचे भरतकामाचे दोरे शेजारीशेजारी गुंडाळ. १ मिलिमीटर म्हणजे १ टक्का. दोरे जुळवताना एक गोष्ट हमखास फसवते. लांबून एकच वाटणारा रंग जवळून दोन निघतो, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. असा रंग तीन-चार पावलं मागे जाऊनच जुळवायचा.

आता खोलीचा हिशेब. ३ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली धर. भिंती ४२ चौरस मीटर, त्यातून एक दार आणि एक खिडकी वजा केली की साधारण ३८ उरतात. फरशी १२, छत १२. एकूण ६२. कापडात शेंदरी ५ टक्के असेल, तर खोलीत तो सुमारे ३ चौरस मीटर हवा. ४० सेंटिमीटरच्या उशीच्या अभ्र्याची एक बाजू ०.१६ चौरस मीटर भरते. पाच उशा मिळून ०.८, म्हणजे सव्वा टक्का! उशांवर उशा घेऊनही खोली फिकी का वाटते, त्याचं उत्तर हेच. दीड मीटरच्या खिडकीवर २.१ मीटर लांबीचे पडदे ओढले की ३ चौरस मीटर एका झटक्यात भरतात. पण दिवसा पडदे बाजूला सारले की जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. म्हणून रात्री खुलणारी खोली दिवसा उघडी पडते. उरलेला रंग सतरंजीत किंवा कपाटाच्या आतल्या पाठीत टाक. १.२ बाय १.८ मीटरची सतरंजी साडेतीन टक्के भरते.

कापडातला सगळ्यात मोठा वाटा बहुधा सगळ्यात मुका असतो: कोरा सुती पांढरा, राखाडी, मातकट. तोच भिंतीवर जाऊ दे.

कापडातल्या रंगांचा शेजार मात्र बदलू नकोस. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात १८२४ पासून रंगाईचं काम पाहणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की तिथल्या चित्रजवनिकांतला, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांतला, काळा फिका पडतो. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा दुबळा दिसत होता. तुझ्या कापडात शेंदरी आणि निळ्याच्या मध्ये पांढरी रेघ असेल, तर खोलीतही ते दोन रंग एकमेकांना भिडवू नकोस.

भिंतीचा रंग छोट्या नमुनापत्रावरून कधीच ठरवू नये. दोन मोठ्या कागदांवर दोन हात मार, कडेला ५ सेंटिमीटर पांढरी पट्टी सोडून, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मध्ये लुडबुड करत नाही. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग, ओलं असताना किंचित दुधाळ दिसतं आणि सुकल्यावर गडद होतं, त्यामुळे पूर्ण वाळेपर्यंत निकाल देऊ नको. मग दोन्ही कागद कोपऱ्यात काटकोनात चिकटव. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून खोलीभर लावलेला रंग नमुन्यापेक्षा दाट वाटतो, आणि ते या कोपऱ्यात आधीच कळतं. सकाळी, दुपारी आणि दिवा लावून पाहा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर असेल असाच दिवा घे, नाहीतर उन्हात जुळलेला लाल रात्री विटकरी होतो.

मूळ कापड टांगायचं असेल तर त्यातून खिळे ठोकू नकोस. भोकाभोवतीचे धागे ताणून फाटतात. वरच्या काठाला मागून सुती पट्टी शिव, तिच्यावर वेल्क्रोची मऊ बाजू शिव आणि कडक बाजू लाकडी पट्टीवर ठोकून ती पट्टी भिंतीवर बसव. वजन सगळ्या काठावर सारखं विभागतं. ऊन थेट पडेल ती भिंत टाळ. उडालेला रंग परत येत नाही, आणि काचेमागे ठेवलं तरी तो हळूहळू उडतोच.

पडद्याचं कापड आणलंस की शिवण्याआधी धुऊन घे, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. त्याच्याही आधी, मागच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून पाहा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड कायम वेगळंच धुवायचं.

दोऱ्यांची पट्टी तयार झाली की तिचा फोटो पाठव, दिवसाच्या उजेडात काढलेला.

तुझी,
आई