युरियाचं पोतं उघडू नकोस

सांगली,
9 सप्टेंबर

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पिवळ्या पडलेल्या लॉनचे पाचही फोटो मिळाले. सगळे गच्चीवरून काढलेले! गच्चीवरून लॉनचा रोग ओळखायचा म्हणजे एसटीच्या खिडकीतून नाडी बघण्यातला प्रकार. फोनवर समजावायला गेलो तर "ते राहू दे, फवारू काय ते सांग" एवढंच तू तीनदा म्हणालास. म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच, आणि तोवर ते युरियाचं पोतं उघडू नकोस.

युरियाचं नाव काढलं की मी का उखडतो, ते ऐक. दोन वर्षांपूर्वी माझ्या 600 चौरस फुटांच्या मेक्सिकन गवताच्या लॉनवर असेच पिवळे गोल उठले. पिवळं पडलं म्हणजे उपाशी आहे, असं समजून मी दोन किलो युरिया फेकला आणि रोज संध्याकाळी पाइप धरून उभा राहिलो. आठवड्यात ताटाएवढे गोल परातीएवढे झाले, मग एकमेकांना भिडले. शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांची सगळी नोकरी शेती खात्यात गेलेली. ते काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि गोलाच्या कडेची एक पात चिमटीत धरून हलकेच ओढली. ती अलगद हातात आली. बुडाशी, जिथे पात काडीला कवटाळून असते तिथे, काळपट तपकिरी कुजलेली. वरचा शेंडा अजून हिरवाच! "भातावरचा पर्णकोष करपा बघितलायस ना? त्याचाच भाऊ," म्हणाले. ऱ्हायझोक्टोनिया नावाची बुरशी. तिला ओल हवी आणि नत्राने, म्हणजे युरियातल्या नायट्रोजनने, फोफावलेलं लुसलुशीत गवत हवं. मी तिला दोन्ही घरपोच देत होतो.

तर तूही आधी खाली बस. गुडघे दुखतात हे माहीत आहे, पाट घे. सकाळी सहा-साडेसहाला, दव वाळायच्या आत. गोलाच्या मध्यभागी बघू नकोस, तिथे सगळं मेलेलं असतं. कड बघ. कडेला नारिंगी झाक असेल आणि पात बुडातून सुटून येत असेल, तर तुझा रोग तोच माझा. पाणी निम्म्यावर आण, तेही सकाळीच दे, म्हणजे रात्रभर पातं भिजत राहणार नाही. नत्र बंद. गवत ओलं असताना कापायचं नाही आणि कापलेलं उचलून बाहेर टाकायचं. तेवढ्याने थांबलं नाही तरच फवारणी. मी प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक वापरलं होतं, लिटरला 1 मिली. फवारा बुडापर्यंत पोचला पाहिजे, नुसती पानं ओली करून उपयोग नाही. फवारा वाळेपर्यंत नातवंडांना आणि मोत्याला आत ठेव.

पण पात घट्ट असेल आणि डाग पानावरच असेल, तर सगळं उलटं. पानाच्या मधोमध गव्हाच्या काडाच्या रंगाचा पट्टा, वर-खाली लालसर रेघ, आणि पहाटे गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी दिसलं तर तो डॉलर स्पॉट. जुन्या चांदीच्या डॉलरएवढे ठिपके पडतात म्हणून हे नाव. हा रोग उपाशी आणि तहानलेल्या गवताला होतो. इथे थोडा, म्हणजे खरंच थोडा, युरिया हेच औषध! तांबेऱ्याचंही तसंच. लॉनवर चक्कर मारून आलास आणि चपलेवर हळदीसारखी नारिंगी भुकटी बसली तर तो तांबेरा. थोडं खत दे, वेळेवर कापत राहा, झाडाची सावली जरा छाट. गवत वाढीला लागलं की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. एकाच पोत्यातलं खत एका रोगाला खतपाणी आणि दुसऱ्यावर उतारा. फोटोवरून मी "टाक" किंवा "नको" कसं सांगू?

तिसऱ्या फोटोतला, फाटकाकडे गेलेला लांबट पट्टा मात्र मला आवडला नाही. पाणी तिकडेच वाहतं ना? पिथियम नावाचा गवत कुजवणारा रोग पाण्याच्या वाटेने पळतो आणि गवत कापायच्या मशीनच्या चाकांबरोबरही. गवत ग्रीसचा हात लागल्यासारखं काळपट, चिकट होतं आणि पहाटे त्यावर कापूस दिसतो. तसं असेल तर घरात पडून असलेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारू नकोस, त्याला ते लागूच पडत नाही. मेटॅलॅक्सिल असलेलं औषध लागतं. आणि आधी ते पाणी जिरायची सोय कर.

कुत्र्याच्या छत्र्यांचं गोल रिंगण उगवलं म्हणून वहिनी घाबरल्यात, त्यांना सांग काही झालेलं नाही. तुम्ही तिथला जुना आंबा पाडलात, त्याची मुळं खाली कुजताहेत. छत्र्या उपटून टाका (खायच्या नाहीत!), रिंगणात सब्बलीने भोकं पाडून भरपूर पाणी सोडा. औषधावर एक रुपया घालवू नका.

आणि हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट. पिवळ्या भागातलं गवत मूठभर धरून उचलून बघ. गालिच्यासारखं गुंडाळून वर आलं तर रोग नाहीच, हुमणी आहे. खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या दिसतील. साळुंक्या सकाळपासून तिथेच चोची मारत असतात असं तू म्हणालास, तेव्हापासून माझ्या मनात तीच आहे. ऊसवाल्याच्या पोराला हुमणी सांगावी लागते म्हणजे कमाल झाली. हुमणीवर बुरशीनाशक ओतणं म्हणजे निव्वळ पैसे मातीत घालणं.

तरी कळलं नाही तर कडेचा, अर्धा हिरवा अर्धा पिवळा असा तळहाताएवढा तुकडा मातीसकट काढ, वर्तमानपत्रात गुंडाळ आणि भाच्याबरोबर पाठवून दे. प्लास्टिकच्या पिशवीत नको, इथे येईपर्यंत कुजेल आणि मग मला सगळेच रोग दिसतील.

वहिनींना नमस्कार, मोत्याला धपाटा.

तुझा,
बाळ्या

ता. क. मशीनचं पातं शेवटचं कधी पाजळलंस? चौथ्या फोटोत शेंडे चावल्यासारखे फाटलेत. तो रोग नाही, तो तू आहेस.