आधी देखभाल निधी, मग वास्तू : ऑरेंज काउंटीतल्या मराठी कुटुंबांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मराठी मंडळाला हक्काची जागा हवी, ही मागणी प्रत्येक सर्वसाधारण सभेत होते आणि ती रास्त आहे. मराठी शाळा भाड्याच्या वर्गांत भरते. ग्रंथालयाची खोकी कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमध्ये पडून असतात. गणपतीची आरास वर्षभर स्टोरेज युनिटमध्ये असते आणि त्याचं भाडं दरवर्षी वाढतं. ज्येष्ठांना चार घटका एकत्र बसायला ठिकाण नाही. म्हणून यंदापासून निधी उभारायचं कार्यकारिणीनं आणि विश्वस्तांनी एकमतानं ठरवलं आहे.

मात्र पहिला पैसा आम्ही वास्तूच्या देखभालीसाठी मागत आहोत, वास्तू घेण्याच्या आधीच. हे ऐकून काही सभासदांना नवल वाटलं. कारण विचाराल तर ते आपल्याच काउंटीत, डिस्नीलँडपासून गाडीनं काही मिनिटांवर उभं आहे. गार्डन ग्रोव्हचं काचेचं चर्च आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे, भारतातून आलेल्या आईवडिलांना हौसेनं दाखवलंही आहे. आज ते ख्राइस्ट कॅथीड्रल म्हणून ओळखलं जातं. ज्यांनी ते बांधलं, त्यांच्या हातून ते गेलं. कसं गेलं, हे देणगी देण्याआधी प्रत्येकानं वाचावं अशी आमची इच्छा आहे.

रॉबर्ट शुलर हे आयोवातल्या शेतकरी कुटुंबातले. रिफॉर्म्ड चर्च या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक. १९५५ साली पत्नी आर्व्हेला यांच्यासह ते गार्डन ग्रोव्हला आले, तेव्हा पंथाकडून मिळालेले ५०० डॉलर एवढंच भांडवल होतं. प्रार्थनेसाठी सभागृह मिळेना, म्हणून त्यांनी ऑरेंज ड्राइव्ह-इन थिएटर रविवारी सकाळी भाड्यानं घेतलं. खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छपरावर उभं राहून ते प्रवचन द्यायचे, आर्व्हेलाबाई ऑर्गन वाजवायच्या आणि लोक आपापल्या मोटारीत बसून ऐकायचे. महायुद्धानंतर संत्र्यांच्या बागा तोडून इथं नवी घरं उभी राहत होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली, कुणाशी ओळखदेख नसलेली कुटुंबं त्या घरांत राहायला येत होती. परक्या गावी आपली माणसं शोधणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शुलर यांनी त्यांना जवळ केलं आणि चर्च वाढत गेलं.

१९६१ मध्ये वास्तुविशारद रिचर्ड नॉइट्रा यांनी त्यांना पहिली पक्की इमारत बांधून दिली. आत बाकांवर बसणारे आणि बाहेर मोटारीत बसणारे, दोघांनाही एकाच वेळी प्रार्थनेत भाग घेता यावा अशी तिची रचना होती. १९६८ मध्ये उंच मनोरा झाला आणि संकटातल्या माणसांसाठी दूरध्वनीवरून आधार देणारी सेवा सुरू झाली. हे काम आम्हाला फार मोलाचं वाटतं. १९७० मध्ये ‘अवर ऑफ पॉवर’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. त्यानं शुलर यांचा चेहरा जगभर नेला आणि देणग्यांचा ओघही आणला.

त्या ओघावर १९८० साली ते काचेचं चर्च, म्हणजे तेव्हाचं क्रिस्टल कॅथीड्रल, उभं राहिलं. आराखडा फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांचा, खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. पांढऱ्या पोलादी जाळीवर १०,००० हून अधिक काचा. ५०० डॉलर दिले की एक काच देणगीदाराच्या नावावर होत असे. व्यासपीठाच्या मागं ९० फूट उंचीचे दरवाजे होते. ते उघडले की बाहेर मोटारीत बसलेल्यांनाही पाळक दिसत. नाताळात आणि ईस्टरला भव्य नाट्य व्हायचं. त्यात खरे उंट आणि घोडे असायचे, तारांवरून देवदूत उडायचे. १९९० मध्ये घंटांचा मनोरा आला. २००३ मध्ये रिचर्ड मायर यांनी आखलेलं अभ्यागत केंद्र उभं राहिलं, त्याचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर.

आमच्या मते घसरण इथून सुरू झाली. टीव्ही पाहून देणगी पाठवणारा वर्ग म्हातारा होत होता, नवी पिढी त्या कार्यक्रमाकडे फिरकत नव्हती. प्रक्षेपणाच्या वेळेचे पैसे मात्र वाहिन्यांना दर आठवड्याला मोजावेच लागत. २००६ मध्ये शुलर यांनी मुलाच्या हाती सूत्रं दिली. २००८ च्या शरदात बापलेकांचं बिनसलं आणि मुलगा बाहेर पडला. पुढं मुलीनं धुरा घेतली. घरातलं हे भांडण जगासमोर आलं आणि त्याच सुमाराला मंदीनं देणगीदारांचे खिसे रिकामे केले. नोकरकपात झाली, मालकीच्या जागा विकायला काढल्या गेल्या, पण भगदाड बुजलं नाही. १८ ऑक्टोबर २०१० रोजी चर्चनं चॅप्टर ११ खाली, म्हणजे कारभार चालू ठेवून देण्यांची फेरआखणी करण्याच्या कलमाखाली, दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. एकूण देणं सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर होतं आणि त्यातलं सुमारे ३ कोटी ६० लाख गहाणाचं कर्ज.

गहाणाच्या पाठीमागं निदान इमारत होती. तारणाशिवाय थकलेली सुमारे ७५ लाख डॉलरची बिलं वाचताना आम्हाला अधिक वाईट वाटलं. नाट्यासाठी जनावरं पुरवणारे लोक त्या यादीत होते, तसे इतरही लहानमोठे पुरवठादार. चर्च आहे, बुडवणार नाही, या भरवशावर त्यांनी उधारीवर काम केलं होतं. दरम्यान शुलर कुटुंबातले अनेक जण संस्थेच्या पगारपत्रकावर होते.

सभासदांना हे आधी का कळलं नाही? अमेरिकी कायद्यानं चर्चला आयआरएसकडे, म्हणजे केंद्रीय करखात्याकडे, फॉर्म ९९० हे करमुक्त संस्थांचं वार्षिक हिशेबपत्रक भरायची सक्ती नाही. तो भरला गेला असता तर कुणालाही मागून वाचता आला असता. ५०० डॉलरची काच घेणाऱ्याला ताळेबंद पाहण्याचा तसा मार्गच नव्हता. पुष्कळसा हिशेब उघड झाला तो दिवाळखोरीच्या न्यायालयात.

नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयानं ५ कोटी ७५ लाख डॉलरना ही मालमत्ता ऑरेंजच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताला विकायला मंजुरी दिली आणि २०१२ मध्ये व्यवहार पुरा झाला. मूळ मंडळी २०१३ मध्ये तिथून निघाली आणि जवळच्याच एका जुन्या कॅथलिक चर्चच्या इमारतीत गेली. आवारातले, देणगीदारांची नावं कोरलेले दगडही पुढं काढले गेले. २०१५ च्या एप्रिलमध्ये शुलर वारले ते आर्टिशियात. आपण वाणसामान आणायला जातो तेच आर्टिशिया.

पुढची हकिकत आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. नव्या मालकांना नूतनीकरणावर सात कोटी डॉलरहून अधिक खर्च करावा लागला आणि जुलै २०१९ मध्ये वास्तूचा पुन्हा अर्पणविधी झाला. मूळ काचघरात वातानुकूलन नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या उन्हात लोक घामाघूम व्हायचे. हजारो नळ्यांचा तो प्रसिद्ध ऑर्गन ऊन आणि किडीनं इतका खराब झाला होता की सुटा करून इटलीत पादोव्हाला दुरुस्तीसाठी न्यावा लागला. आज तिथं इंग्रजी, स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांत उपासना चालते, शेजारपाजारच्या वस्तीला ती जागा उपयोगी पडते, याचं आम्हाला मनापासून समाधान वाटतं.

काचेला देणगीदार मिळतो, कारण काचेवर नाव लागतं. छपराच्या गळतीला, विम्याच्या हप्त्याला, अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीला देणगीदार मिळत नाही. पण वास्तू टिकते ती याच खर्चावर. आपल्याकडे गावोगावी सभामंडप आधी उभा राहतो आणि दिवाबत्तीसाठी मागाहून वर्गणी फिरते, हेही आपण पाहिलेलं आहे. इथं तर भूकंपाचा विमासुद्धा नेहमीच्या विम्यात येत नाही, तो वेगळा काढावा लागतो.

म्हणून पुढचा ठराव विश्वस्तांनी मंजूर केला असून तो सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती म्हणून मांडला जाईल. तीन वर्षांच्या चालू खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमा होईपर्यंत मंडळ कोणतीही जागा घेणार नाही. जागा घेतली तरी ती गहाण ठेवून घेणार नाही, मग ती जुनी असली, लहान असली, रस्त्यावरून दिसत नसली तरी चालेल. कार्यकारिणीच्या किंवा विश्वस्तांच्या नातेवाइकांना मंडळाकडून मोबदला मिळणार नाही. जेवण पुरवणारे, मंडप आणि ध्वनियंत्रणा लावणारे, पुरणपोळ्या करून देणाऱ्या काकू, या सगळ्यांची बिलं ३० दिवसांत चुकती होतील, आणि पैसे नसतील तर कार्यक्रम लहान होईल. मंडळ फॉर्म ९९० भरतंच. त्याशिवाय दर तिमाहीला जमाखर्च सभासदांना पाठवला जाईल, बँकेतल्या शिलकेसकट.

या ठरावामुळे वास्तूला उशीर होईल, याची आम्हाला कल्पना आहे. ज्यांची मुलं आत्ता मराठी शाळेत आहेत, त्यांना कदाचित त्या जागेचा लाभ मिळणार नाही. तरीही त्यांनी द्यावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

देणगी मोठीच हवी असं नाही. दरमहा १० किंवा २० डॉलर आपोआप जमा होण्याची सोय केलीत तर आम्हाला एकरकमी हजारापेक्षा त्याचा आधार अधिक वाटेल, कारण चालू खर्च नियमित येणाऱ्या पैशांवरच भागतो. तुमच्या कंपनीत देणगीच्या बरोबरीनं रक्कम घालण्याची योजना असेल तर तिचा अर्ज जरूर भरा. अनेक घरांत हा हक्क वापरलाच जात नाही. मंडळ करमुक्त संस्था म्हणून नोंदलेलं असल्यानं करसवलतीची पावती मिळेल.

ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. लेखापाल, विमा क्षेत्रातले, बांधकामातले आणि मालमत्तेचे कायदे जाणणारे सभासद आम्हाला तातडीनं हवे आहेत. देखभाल खर्चाचा अंदाज काढायला एक उपसमिती नेमली जाणार आहे. तिच्यात कार्यकारिणीबाहेरची माणसं निम्म्याहून अधिक असावीत, असा आमचा आग्रह आहे.

धनादेश मंडळाच्या नावे काढावा आणि त्यावर ‘देखभाल निधी’ असं स्पष्ट लिहावं. तो खजिनदारांकडे किंवा रविवारी मराठी शाळेच्या टेबलावर द्यावा, पावती तिथंच मिळेल. ठरावाचा पूर्ण मसुदा आणि मागच्या वर्षाचा ताळेबंदही त्याच टेबलावर ठेवलेला आहे. देणगी देण्याआधी तो वाचावा, आणि शंका असेल तर सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारावी.

आपले,
कार्यकारिणी आणि विश्वस्त मंडळ